पाठीवरची कोबीची वर्षं

मित्रांनो, मी कासव आहे आणि मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण कासव म्हटलं की लोक लगेच सुरू करतात, "किती शांत! किती समंजस!" अरे, हळू चालतो म्हणजे शांत असतो का? तुमच्या पाठीवर कोणी घर चिकटवून दिलं असतं तर तुम्ही काय उड्या मारल्या असत्या? मी चालतो हळू, पण आतून माझी नुसती घाई चाललेली असते. त्या दारापलीकडे काय आहे? त्या टोपलीत काय आहे? ही माणसं एवढं काय कुजबुजतायत? मला सगळं बघायचं असतं, आणि ते पण आत्ताच्या आत्ता.

माझं नाव वाटाणा. हसू नका. आता मी जेवणाच्या ताटाएवढा झालोय, तरी नाव तेच आहे. आलो तेव्हा तळहातावर मावत होतो आणि हिरवट दिसत होतो, म्हणून ठमीने ठेवलं. ठमी म्हणजे आमच्या घरातली मुलगी. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेतल्या बाई घेतात, तेही ओरडताना.

माझा जन्म एका टेलरबाईच्या काचेच्या पेटीत झाला. पेटीत वाळू होती आणि वर एक बल्ब. बरेच दिवस मला वाटायचं की तो बल्ब म्हणजेच सूर्य, आणि टेलरबाई तो बटणाने चालू-बंद करते म्हणजे ती फार मोठी असामी असणार. आम्ही भावंडं एकमेकांच्या डोक्यावरून चालायचो आणि कोणी कोणाची माफी मागायचं नाही. पेटी भरून गेली तशी टेलरबाईने आम्हाला ओळखीपाळखीत वाटून टाकलं. मी गेलो तिच्या रोजच्या भाजीवालीकडे.

"तुमच्याकडे देताना मला काळजीच नाही बघा," टेलरबाई म्हणाली. "भाजीचं दुकान! याला खायला कधी कमी पडणार नाही."

"कमी?" भाजीवाली म्हणाली. "जे सगळ्यात उत्तम, ते घालीन याला."

आणि मित्रांनो, तिने शब्द पाळला. सगळं बिघडलं ते तिथेच.

भाजीवालीला गल्लीतले सगळे काकू म्हणायचे, म्हणून मीही काकूच म्हणतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये एक उंच दगडी उंबरठा. मी राहायचो मागच्या खोलीत. फरशी गार, भिंती पिवळ्या. तिथे ऊन असं यायचंच नाही, नुसता उजेड यायचा. ऊन पडायचं पुढे दुकानाच्या तोंडाशी. सकाळी ते उंबरठ्यापर्यंत यायचं आणि तिथूनच परत जायचं, जसं काही त्याला कोणी आत बोलावलंच नव्हतं.

दुकान उघडलं की काकूचं पहिलं काम म्हणजे सोलणं. कोबीचा गड्डा हातात घ्यायची आणि वरची जाड, काळपट हिरवी पानं चराचरा ओढून काढायची. मग खालची. मग त्याच्याही खालची. आतला पांढरा, चकचकीत गोळा बाहेर आला की तो मांडणीत वर लावायची. मुळ्याचा पाला एका पिळ्यात तोडायची. गाजराच्या शेंड्या उडवायची, फ्लॉवरला पानांच्या बाहेर काढायची. हात असे चालायचे की बघत राहावं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकूंचा माल म्हणजे एकदम स्वच्छ." सगळा काढलेला पाला एका निळ्या टोपलीत जायचा आणि ती टोपली बकरीवाला येऊन घेऊन जायचा.

मग सोललेल्या कोबींमधला सगळ्यात छोटा, सगळ्यात कोवळा गड्डा काकू कापायची आणि त्याचा मधला गाभा माझ्यापुढे ठेवायची. पांढराशुभ्र. गोडसर. दाताखाली, म्हणजे मला दात नाहीत पण समजून घ्या, असा करकर वाजायचा. बरोबर काकडी, तीही सोलून, बिया काढून. लालबुंद टोमॅटोची फोड. मी डोळे मिटून खायचो.

"खा रे राजा," काकू म्हणायची. "तुला नाही मी टाकाऊ घालायची."

मी राजाच होतो. खोटं कशाला बोलू? पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. त्या निळ्या टोपलीत असतं काय? तिचा वास यायचा. तिखट, कडवट, ओला, मातीचा. उंबरठ्यावरून तो वास घसरत खाली यायचा आणि माझ्या नाकापाशी थांबायचा. बकरीवाल्याच्या बकऱ्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून त्या टोपलीसाठी असा काही गोंधळ घालायच्या, की मला वाटायचं, गाभा तर मी खातो, मग यांना एवढा आनंद कसला होतोय?

म्हणून मी उंबरठा चढायला शिकलो. पुढचे दोन पाय वर, नखं दगडाच्या खाचेत, मग मागून जोर. दहा वेळा खाली पडायचो, अकराव्यांदा वर. वर पोचलो की ऊन थेट तोंडावर! बल्ब आणि सूर्य यांच्यात काय फरक असतो ते मला त्या उंबरठ्यावर कळलं. सूर्याला बटण नसतं. पण टोपलीपर्यंत पोचायच्या आत कोणीतरी ओरडायचंच, "अगं वाटाणा बाहेर आला, पायाखाली येईल!" आणि मला उचलून परत आत. उचललं की माझं डोकं फिरायचं. मी हवेत पाय झाडायचो. ठमी म्हणायची, "बघ, पोहतोय!" पोहतोय म्हणे. शिव्या देत होतो मी.

वर्षं गेली. मी वाढलो. आणि माझी पाठ काहीतरी विचित्रच व्हायला लागली. प्रत्येक चौकट वर उचलली गेली, जशा पाठीवर छोट्या वाट्या उपड्या घालून ठेवल्यात. बघणारे मात्र खूश.

"अहो काय सुंदर नक्षी आहे!" एक गिऱ्हाईक म्हणालं. त्याने माझा फोटो काढला, दोन्ही बाजूंनी.

"आमच्याकडचं खाणंच तसं आहे," काकू म्हणाली आणि पदराने माझी पाठ पुसली.

मला कौतुक आवडतं. कोणाला नाही आवडत? मी मान ताणून उभा राहिलो. म्हणजे राहायला गेलो. मागचे पाय थरथरले आणि मी पोटावर बसलो. गिऱ्हाइकाला वाटलं, नमस्कार केला.

त्यानंतर उंबरठा जमेना. पुढचे पाय वर जायचे पण मागून जोरच यायचा नाही. चालताना पोट फरशीला घासायचं आणि खरखर असा आवाज यायचा. आधी मला दगडाचा राग आला. मग फरशीचा. मग काकूचा, ठमीचा, बकऱ्यांचा. शेवटी कोणी उरलंच नाही, तेव्हा मी कोपऱ्यात जाऊन बसलो. वास येत होता, ऊन उंबरठ्यापर्यंत येऊन परत जात होतं, आणि मी बसून होतो.

हे पहिल्यांदा लक्षात आलं आजोबांच्या. आजोबा म्हणजे काकूचे वडील. सगळं आयुष्य त्यांनी चपला-बूट शिवले. आता डोळे साथ देत नाहीत, पण हातांची सवय गेली नाही. हातात काहीही आलं की अंगठ्याने दाबून बघायचं. पाव दाबणार, उशी दाबणार, ठमीचा गाल दाबणार. त्या दिवशी ते ओल्या फडक्याने माझी पाठ पुसत होते आणि अंगठा दाबला गेला. ते थांबले. परत दाबला.

"अगं ए," त्यांनी हाक मारली. "हे दबतंय."

"काय दबतंय?" काकू दुकानातूनच ओरडली.

"याची पाठ. जोडा असता तर मी खूश झालो असतो. पण कासवाची पाठ दबते का?"

"वय झालं असेल त्याचं."

"माझं पण झालंय. ये, माझं डोकं दाबून बघ. दबतंय का?"

काकू आली. हात पुसले आणि स्वतः दाबून बघितलं. तिचा चेहरा कोबीच्या गाभ्यासारखा पांढरा पडला. मला दुखलं नाही, पण तिचं तोंड बघून मी पाय आत ओढून घेतले. त्याच दुपारी दुकान फळी लावून बंद झालं आणि मला टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत क्रेटच्या फटीतून मी सगळी गल्ली पाहिली. सायकलची चाकं, मांजराचं शेपूट, एका दारात उलटा ठेवलेला बूट. आजारी होतो, पण खरं सांगतो, मजा आली.

डॉक्टरीणबाई बुटक्या आणि चष्मेवाल्या होत्या, आणि त्यांचे हात ऊबदार होते. त्यांनी मला उलटं केलं, सरळ केलं, तोंड उघडून बघितलं. मी चावायचा प्रयत्न केला. "राग आहे अजून अंगात," त्या म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे. खायला काय घालता?"

काकू सरसावून बसली. तिला हा प्रश्न आवडला. "उत्तम ते घालते हो. कोबीचा आतला गाभा. काकडी, ती पण सोलून. टोमॅटो. एक दिवस शिळं म्हणून नाही."

"आणि कोबीची बाहेरची पानं?"

"शी! ती टाकतो आम्ही."

"मुळ्याचा पाला? गाजराचा?"

"तो पण टाकतो. बकऱ्या खातात."

"बकऱ्या मजेत आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकू पदर सारखा करायला लागली. ठमी बोलली, "एकदम मजेत आहेत. माजल्यात."

मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, कवच म्हणजे वरून घातलेलं झाकण नव्हे, ते याचं हाडच आहे. त्याला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम असतं गडद हिरव्या पाल्यात, आणि ते अंगी लागायला ऊन लागतं. गाभ्यात आणि काकडीत बहुतेक पाणी. पोट भरतं, हाड भरत नाही. पाठीवर ज्या वाट्या आल्यात ती नक्षी नाही, दुखणं आहे.

"मग पालक घालू का?" काकूने घाईघाईने विचारलं. "पालक तर टॉनिक. रोज जुडी घालीन."

"रोज नको. पालक कॅल्शियमला अडवून धरतो. कधीतरी एखादं पान. कोबीचंही तसंच, अधूनमधून. कुठलीही एकच गोष्ट धरून बसायचं नाही. आज मुळ्याचा पाला, उद्या जास्वंदीची पानं, परवा तुतीची. गवत तर हवंच, भरपूर. आणि औषध न मारलेलं, रस्त्याकडेचं नसलेलं. वर ही पांढरी पावडर चिमूटभर भुरभुरवायची. आणि सकाळचं ऊन, पण सावलीत सरकता येईल असं."

"आणि नाही खाल्लं तर?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "गोडाची सवय लागलीय, थोबाड फिरवणारच. पण नाही खाल्लं तर आधी पाय जातील. मग..." त्यांनी माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला.

घरी आल्यावर काकूने क्रेट खाली ठेवला आणि म्हणाली, "मी त्याला टोपलीतलं घालणार नाही."

"अगं आई, डॉक्टर म्हणाल्या ना!" ठमी चिडली.

"पाला बाजारातून वेगळा आणीन. नीट जुडी बांधलेला. टाकलेलं नाही घालायची."

"तोच पाला आहे! सकाळी तूच तोडतेस!"

"तू नको शिकवू मला!" काकू फाडकन म्हणाली आणि आत निघून गेली.

ठमीने पाय आपटले. आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी तिला जवळ ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं. मी खाटेखाली होतो, म्हणून मलाही ऐकू आलं. काकू लहान होती तेव्हा आजोबांचं काम बंद पडलं होतं. तेव्हा बाजार उठला की काकू आणि तिची आई खाली पडलेला पाला गोळा करून आणायच्या. मुळ्याचा, फ्लॉवरचा, मिळेल तो. तेच शिजवायचं, तेच खायचं. शाळेतली पोरं तिला 'पालाखाऊ' म्हणायची. एकदा कोणीतरी तिच्या दप्तरात मुळ्याची पानं भरून ठेवली होती.

"म्हणून तिने दुकान टाकलं तेव्हा ठरवलं," आजोबा म्हणाले, "की घरात कोणाच्या तोंडात टाकाऊ जाणार नाही. तुझ्या नाही, माझ्या नाही, आणि याच्या पण नाही."

ठमीने खाटेखाली वाकून माझ्याकडे बघितलं. मला पहिल्यांदा काकूचा राग आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकूने मुळ्याची नवी जुडी आणली. त्यातला कोवळा पाला निवडला, तीन पाण्यांतून धुतला, बारीक चिरला आणि माझ्यापुढे ठेवला. मित्रांनो, आता माझी बाजू ऐका. मला गाभ्याची सवय होती. समोर गोड पांढरं काहीतरी येणार म्हणून मी तोंड उघडलं आणि आत हे तिखट हिरवं! मी थुंकलो. वर त्याच्यावरून चालत गेलो. मग ठमीने पाल्याला टोमॅटो चोळला. मी टोमॅटो चाटला, पाला ठेवला. जास्वंदीचं पान आलं, मी मान फिरवली. गवत आलं, त्यावर झोपलो. आजोबा म्हणाले, "हा आपल्या ठमीवर गेलाय."

असे दिवस जात होते आणि मी उपाशी, चिडलेला, आणखी मऊ होत होतो. एकदा तर मागचा डावा पाय उचललाच गेला नाही. मी त्याच्याकडे वळून बघत राहिलो. माझाच पाय, आणि ऐकत नाही!

त्या दुपारी ठमी शाळेत होती. काकू माझ्यापुढे येऊन बसली. इकडे तिकडे बघितलं आणि पदराखालून कोबीचा गाभा काढला. छोटासाच.

"एवढासाच," ती कुजबुजली. "पोटात काहीतरी जाऊ दे रे. मला नाही बघवत."

मी झडप घातली. झडप म्हणजे माझ्या मापाची. आणि दारात ठमी! शाळा लवकर सुटली होती.

"आई!" ती अशी किंचाळली की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं. "तू मारतेयस त्याला! तुला कळतंय का? लाड करून मारतेयस!"

काकूच्या हातातून गाभा पडला. ती ठमीवर ओरडेल असं मला वाटलं. हात उचलेल असंही वाटलं. पण ती उठली, गिऱ्हाइकाला भाजी द्यायला गेली आणि पालक मागितला तर दुधी देऊन आली.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती एका पानाएवढीच आहे.

पुढची सकाळ. काकू सोलायला बसली, पण नेहमीसारखी दुकानात नाही, उंबरठ्यावर. निळी टोपली शेजारी. कोबी सोलला, मुळे तोडले. मग हात थांबले. बराच वेळ ती टोपलीकडे बघत राहिली, जशी काही टोपली तिच्याशी बोलणार आहे. मग तिने टोपलीत हात घातला. धुतलेलं नाही, निवडलेलं नाही, वर पडलेलं एक मोठं, खरबरीत मुळ्याचं पान उचललं. पदराला पुसलं. आणि खाल्लं.

मी खोलीच्या मध्यावर होतो. मला एकदम झालं, ही काय खाते? काकूला कधी असं काही खाताना मी पाहिलं नव्हतं. आणि तोंड बघा तिचं! डोळे मिटलेले, गाल हलतायत, भुवया वर. वाईट लागतंय की चांगलं? काही कळेना. मला न कळलेली गोष्ट सहन होत नाही. मी निघालो. डावा पाय येत नव्हता, त्याला ओढत निघालो. पोट घासत, खरखर, खरखर. काकूला ऐकू आलं असणार, पण तिने मान वळवली नाही. तिचा हात उंबरठ्यावरून खाली लोंबत होता आणि त्यात अर्धं खाल्लेलं पान होतं. मी पोचलो. वास घेतला. तोच, एवढी वर्षं घसरत खाली येणारा वास.

चावलो.

तिखट होतं. नाकात गेलं. थुंकणार होतो, खरंच. पण वर बघितलं तर काकू अजून चावतच होती. मग मी पण चावत राहिलो. आणि तिखटाच्या मागे काहीतरी दुसरं आलं, जाड, हिरवं, उन्हासारखं. मी अजून एक तुकडा तोडला. पान काकूच्या हातातून ओढलं गेलं, तेव्हा तिला कळलं. तिने हात हलवला नाही.

"बाबा," ती आत न बघताच म्हणाली. आवाज ओला होता. "चव तीच आहे हो."

"मग?" आजोबा खाटेवरून म्हणाले. "तुला काय वाटलं, एवढ्या वर्षांत मुळा सुधारला असेल?"

काकू हसली. हसता हसता रडली. ठमी दात घासता घासता धावत आली, तोंडात फेस, आणि मी खातोय हे बघून तिने ब्रश माझ्या डोक्यावर पाडला. मला राग आला. पण खाणं सोडलं नाही.

त्यानंतर लगेच सगळं छान झालं असं समजू नका. हाड असतं ते, फुगा नव्हे. काही दिवस मी खायचो, काही दिवस तोंड फिरवायचो. मग काकू माझ्याशेजारी बसून एखादं पान चघळायची आणि मला उत्सुकता आवरायची नाही. असं तिने मला फसवून फसवून जगवलं. जास्वंदीचं पान गुळगुळीत, पाय घसरतात त्यावर. तुतीचं पान खरखरीत, पण पोटभर. गाजराचा पाला दाढीसारखा, तोंडाबाहेर लोंबतो. गवताची पात कुठून सुरू करावी हेच आधी कळत नाही. रोज समोर काय येणार याचा पत्ता नसायचा, आणि मला झोपेतून उठायला एक कारण मिळालं. टोमॅटो? मिळतो कधीतरी, सणासारखा. गाभाही मिळतो, नखाएवढा.

सकाळी मला दुकानासमोर उन्हात ठेवायला लागले, क्रेट आडवा करून, आत सावली, बाहेर ऊन. एक दिवस बकरीवाला टोपली उचलायला आला आणि हातात तोलून बघायला लागला.

"काकू, टोपली हलकी झाली हो हल्ली."

"आमच्याकडे पण आता एक बकरी आहे," काकू म्हणाली. "पाठीला टणक."

"अजून नाही झाली टणक," आजोबा आतून म्हणाले. त्यांचा अंगठा रोज सकाळी हजेरी घ्यायचा.

मग एक दिवस त्यांनी अंगठा ठेवला, दाबला, परत दाबला, आणि काकूचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. काकूने दाबलं. दबलं नाही. तिने मला उचलून छातीशी धरलं. मी पाय झाडले. "पोहतोय!" ठमी ओरडली. या वेळी मी शिव्या देत नव्हतो, पण तिला कशाला सांगू?

राहिला होता उंबरठा. ठमी त्याला फळी लावून उतार करायला निघाली होती. आजोबा म्हणाले, "राहू दे. त्याचं आणि दगडाचं काय आहे ते त्यांना बघू दे." मी रोज जायचो आणि रोज पडायचो. डावा पाय अजून थोडा आळशी आहे, तो सगळ्यात शेवटी कामाला लागतो. पण एका सकाळी पुढची नखं खाचेत बसली, मागून जोर आला, डाव्या पायालाही काय वाटलं कोण जाणे, त्याने ढकललं, आणि मी वर! ऊन थेट तोंडावर. मग तोल गेला आणि पलीकडे धाडकन एका गिऱ्हाइकाच्या बुटावर. तो ओरडला. काकूने वळून बघितलं, उंबरठा बघितला, मला बघितलं. या वेळी कोणी मला उचलून आत ठेवलं नाही. मी सरळ निळ्या टोपलीपाशी गेलो. काकूने टोपली आडवी केली.

मित्रांनो, माझ्या पाठीवरच्या वाट्या अजून तशाच आहेत. त्या जाणार नाहीत, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. नवं गिऱ्हाईक आलं आणि "काय सुंदर नक्षी!" म्हणालं, की काकू आता पदराने पाठ पुसत नाही. ती हातातला कोबी खाली ठेवते आणि सगळं सांगते, अगदी स्वतःचं चुकलं ते पण. ठमी कधी कधी माझ्याजवळ बसते आणि वाट्यांवरून बोट फिरवते. "ही कोबीची वर्षं," ती म्हणते. मग बोट खाली कडेला आणते, जिथे नवं कवच सपाट वाढलंय. "आणि ही पाल्याची."

तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याचे लाड करा, मी नको कशाला म्हणू? पण लाड करताना एकदा विचारून घ्या, जाणणाऱ्या माणसाला विचारा, की याला लागतं काय. तुम्हाला जे गोड लागतं ते नाही, याला जे लागतं ते. रोज एकच पान नका घालू, पालासुद्धा बदलून घाला. दारातलं ऊन आत येत नसेल तर आम्हाला उन्हात न्या. आणि अधूनमधून पाठीवर अंगठा ठेवून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आणि जेव्हा पाठ बोलते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. माझं नशीब की माझ्या काकूला एक जुनं कडू पान पुन्हा चावायची हिंमत झाली.

बास झालं. मला एवढं बोलायची सवय नाही आणि पलीकडे सोलण्याचा आवाज सुरू झालाय. चराचरा. वास येतोय, पण मुळ्याचा नाही आणि गाजराचाही नाही. हा वास मी याआधी कधीच घेतलेला नाही.

सरका जरा. मला उंबरठा चढायचाय.